पांढऱ्या फुलांचा बंदोबस्त

३ मार्च, सकाळी ७
बायको लेकीकडे गेली. नातू झालाय, अडीच महिने मुक्काम तिकडेच. जाताना सूचना एकच: बाकी बागेचं काहीही करा, माझ्या गुलाबाला जपा. हा गुलाब तिच्या वडिलांच्या अंगणातला. ते गेले, घर विकलं गेलं, तेव्हा ही एक फांदी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.
मी चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळलं. एका झाडासाठी मला चार वेळा बजावणं म्हणजे अपमान आहे. तरी हो म्हटलं.

४ मार्च
गुलाबाच्या वाफ्यात ती पांढरी फुलं शिरलीत. किळसवाणा प्रकार. फूल दिसायला गरीब, पान बदामाच्या आकाराचं, आणि पान चुरडलं की नासलेल्या मासळीचा वास. हात तीनदा धुतले. चहालाही तोच वास.
ही घाण शेजारच्या सिस्टरांकडून आली असणार. रिटायर्ड नर्स आहेत, पण बागेचा फार सोस.
खरं आहे की मागच्या वर्षी मी नर्सरीतून याचीच तीन रोपं आणली होती. पण ती शोभेची होती. नर्सरीवाला म्हणाला होता, लावा आणि विसरून जा. मी विसरलो. यात माझी काय चूक?
निर्धार: रविवारपर्यंत नायनाट.

७ मार्च
सिस्टर भिंतीवरून सांगत होत्या की ओढाताण करू नका, मुळाचा नखाएवढा तुकडा राहिला तरी परत उगवतं, अख्खं मूळ हळूहळू उकरून काढा. आयुष्य गेलं इंजेक्शनं देण्यात, आणि आता मला माती शिकवतात. त्यांनी आपल्या बाजूनं भिंतीलगत, मुळं अडवायला म्हणून, पत्रा पुरलाय. मन साफ असेल तर पत्रा कशाला लागतो?

९ मार्च, रविवार
भाड्यानं पॉवर टिलर आणला. गुलाबाभोवती हातभर जागा सोडून सगळी माती फिरवली. दोन तासांत तणाचा पार चुरा. वास असा सुटला की समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मला जेवण गेलं नाही. पण काम झालं.
नियमाप्रमाणे सॅम्पल तपासणी. दर दहा फुटांतला एक फूट उकरून पाहिला. दोष शून्य. वाफ्यात पाटी रोवली: तपासले, ओके.

२३ मार्च
पाटीभोवती कोंब. मोजायला घेतले, एकशे चाळीसला नाद सोडला. आधी एका वाफ्यात होते, आता बागभर. मशीनवाल्यानं मशीन धुऊन दिलं नसणार. लोकांना कामाची लाजच उरलेली नाही.

२५ मार्च
उकळतं पाणी ओतलं. डावा पाय भाजला. कोंब टवटवीत.

२ एप्रिल, दुपारी
गुलाबाच्या बुडाशी उकरून पाहिलं. ती मुळं आत घुसलीत. पांढरी, ठिसूळ, हातात गिळगिळीत. अंगावर काटा आला. आता सॅम्पल नाही, शंभर टक्के तपासणी.

३ एप्रिल
गुलाब उपटला. तात्पुरता. बादलीत साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक मूळ घासलं. चार तास लागले. इतकी स्वच्छ मुळं दुसऱ्या कुठल्या गुलाबाची नसतील. परत लावला. बायकोला फोनवर सांगितलं, गुलाब ठणठणीत आहे.

८ एप्रिल
पानं गळाली. झाड विश्रांती घेतंय.

१५ एप्रिल
फांदी मोडून पाहिली. आत कोरडी, तपकिरी. विश्रांती जरा लांबली आहे.
बायको रोज फोटो मागते. फोन वाजला की मी नळ सोडून बागेला पाणी घालत बसतो. वडिलांचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.
तोडगा: सिस्टरांच्या बागेतही गुलाब आहे, रंग अगदी तोच. भिंतीवरून झूम करून फोटो काढला आणि पाठवला. छान आहे, असं उत्तर आलं. याला खोटं म्हणता येणार नाही. तिनं गुलाबाचा फोटो मागितला, मी गुलाबाचाच पाठवला.

२८ एप्रिल
आतापर्यंत नऊ फोटो. दर वेळी कोन वेगळा ठेवतो. आज सिस्टर कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्याच्या हालचालींवर इतकी नजर ठेवणं शोभत नाही.
आमच्या गुलाबाची काटकी उभी आहे. तिच्याभोवती पांढरी फुलं गच्च. काही लोक त्याला सुंदर म्हणतील. मला ओकारी येते.

१८ मे
बायको उद्या येणार. नर्सरीतून तसलाच गुलाब आणावा म्हणून पायात चपला घातल्या, तेवढ्यात तिचा फोन. म्हणाली, नवीन झाड आणू नका. पहिल्याच फोटोत सिस्टरांची पाण्याची टाकी दिसली होती. आणि तो गुलाब तिचाच आहे. दीड वर्षापूर्वी, मी रिटायर झालो त्याच आठवड्यात, तिनं आमच्या गुलाबाची फांदी नेऊन सिस्टरांकडे लावून ठेवली होती.
रागावली नाही. आवाजही चढवला नाही. तेच फार लागलं. मी म्हटलं, बॅकअप ठेवणं ही उत्तम पद्धत आहे, मीही तेच सुचवलं असतं. ती बरं म्हणाली.

१९ मे
बायको आली. बॅग दारात ठेवून थेट सिस्टरांकडे गेली. मी मागोमाग निघालो, तर सिस्टरांनी फाटकाला आतून कडी घातली. म्हणाल्या, तुमच्या चपलांना मुळांचे तुकडे असतील, तुम्ही आपले भिंतीपलीकडूनच बघा. मी बायकोकडे पाहिलं. ती गुलाबाशी उकिडवी बसली होती. मान न वळवता म्हणाली, सिस्टरांचं बरोबर आहे.
तिथूनच बघितलं. गुलाब चांगला आलाय.