जमिनीतला कढीपत्ता

शार्दूल,

तिकडे आक्रा शहरात तुझं छान बस्तान बसलंय, हे काल व्हिडिओ कॉलवर दिसलंच. शेजारी जेवायला बोलावतात, बाजारात लोक नावाने हाक मारतात. ऐकून बरं वाटलं. मग तू कौतुकाने अंगणातला कढीपत्ता दाखवलास, जमिनीत लावलेला.

इथे प्लेनोच्या थंडीत आपण तो कायम कुंडीतच ठेवला. दर हिवाळ्यात दोघांनी उचलून गॅरेजमध्ये आणायचा.

दोन वर्षांच्या पोस्टिंगवर गेलेला नवरा कुंडी आणतो रे. जमिनीत का लावलास, हे विचारायला सकाळपासून सारखा फोन उचलतेय आणि ठेवतेय. हे पत्रही पाठवणार नाही.

आज पाणी गोठेल म्हणतात. कुंडी बाहेरच आहे. मला एकटीला उचलवत नाही, आणि शेजाऱ्यांना बोलवावंसं वाटत नाही.

अजून तरी तुझी,
गिरिजा