ताईच्या उसातली नवी प्रजाती

२० फेब्रुवारी

नवा विषय नक्की. उसाच्या शेतातले पतंग.

फुलपाखरांचं सगळेच करतात. दिव्यावर येणाऱ्या पतंगांकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि उसातल्या तर मुळीच नाही. मे महिन्यात आमच्या निसर्ग मंडळाची वार्षिक सभा आहे. तिथे मी सर्वेक्षण वाचणार. गेल्या सभेत माझं भाषण चालू असताना खजिनदार मध्येच उठून म्हणाला, की पडद्यावर दिसतंय ते फुलपाखरू नसून वाळलेलं पान आहे. सगळे हसले. पान होतं, मी नाही म्हणत नाही. पण कोणत्या झाडाचं ते खजिनदारालाही सांगता आलं नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

यंदा दाखवतो.

२२ फेब्रुवारी

शेताची सोय झाली. ताईचं शेत. खरं तर ताई आणि भावोजी दोघांचं, पण यंदा रस्त्याकडचा तुकडा ताईने एकटीने घेतलाय. विषारी फवारा न मारता ऊस आणून दाखवते, असं तिने भावोजींना ठणकावून सांगितलंय. आला, तर पुढच्या वर्षी सगळं शेत तिच्या पद्धतीने. नाही आला, तर तिने पंप पाठीवर घ्यायचा, फवारायचं, आणि पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही. भावोजी तसे भले आहेत, पण हसतात फार.

मला काय, फवारा नाही म्हणजे पतंग भरपूर.

संकल्प. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत एकही पुस्तक उघडायचं नाही. इंटरनेट नाही. दुसऱ्याचं वाचलं की आपली नजर बिघडते. माझं चष्म्याचं दुकान आहे, नजरेतलं मला कळतं. दुसरा संकल्प, काय सापडलं ते ताईला आधी सांगायचं नाही. तिला एकदम सभेत कळावं. तिसरा सुचला की लिहीन.

१ मार्च, संध्याकाळ

शेतावर. तयारी जय्यत. वाट चुकलो तर वाजवायला शिट्टी, लांब दोरी, बॅटरी, दोन दिवसांची बिस्किटं.

ऊस गुडघ्याच्या खाली निघाला. जानेवारीतली लागवड म्हणे. शेताच्या मधोमध उभा राहिलो तरी ताईच्या ओट्यावरून मी अख्खा दिसतो. भावोजींनी विचारलं, दोरी कशाला. चादर टांगायला, म्हणालो. मग टांगावीच लागली. तिच्यामागे दिवा लावला आणि पतंग यायला लागले.

वर्गीकरण केलं: तपकिरी, जास्त तपकिरी, आणि तपकिरी नसलेले. तिसऱ्या गटात एक वेगळाच दिसला. वाळल्या गवताच्या रंगाचा, फिकट, नखापेक्षा थोडा मोठा, पुढे चोच असल्यासारखं तोंड. असा पतंग मी आयुष्यात पाहिलेला नाही. सरळ चष्म्याच्या रिकाम्या डबीत घातला.

 

२ मार्च, सकाळ

गंभीर बाब. शेतात माझ्याआधी कोणीतरी येऊन गेलंय.

उसाच्या पानांच्या खालच्या बाजूला बोटाएवढ्या कागदी पट्ट्या स्टेपल केलेल्या आहेत. थोड्या थोड्या अंतरावर, अगदी पद्धतशीर. प्रत्येक पट्टीवर खसखशीहून बारीक काळे ठिपके. ही सरळ सरळ सर्वेक्षणाची खूण आहे. कोणीतरी शेताचे चौकोन पाडून मोजणी चालवलीय आणि ठिपके म्हणजे नोंदींची सांकेतिक भाषा. एवढी चिकट बुद्धी एकाच माणसाची. खजिनदार.

ताई दूध घालायला गेली होती. तेवढ्यात सगळ्या पट्ट्या काढल्या. स्टेपलरच्या पिनासुद्धा ठेवल्या नाहीत. ताईला सांगून उगाच घाबरवलं नाही. तिच्या शेतात परका माणूस फिरतो हे कळलं तर बिचारीला झोप लागायची नाही.

५ मार्च

ठिपक्यांची भाषा उलगडेना. दुकानात भिंगाखाली बघितलं. एका पट्टीवरचे ठिपके तर चालल्यासारखे वाटले. डोळ्यांवर ताण आलाय. स्वतःचा नंबर तपासायला हवा, पण वेळ नाही.

९ मार्च

चादरीवर तोच फिकट पतंग पुन्हा. आता एक नाही, बरेच. म्हणजे हा त्याचाच इलाका! ही प्रजाती ताईच्या शेतातच असणार, जगात दुसरीकडे नाही. दुसरीकडे मी बघितलेलं नाही, पण तर्क पक्का आहे.

काही कोंब आतून वाळलेले दिसले. एक ओढला तर अलगद हातात आला, आणि घाण वास. आत अळी! पांढुरकी, पाठीवर जांभळट पट्टे, डोकं तपकिरी. माझ्याच पतंगाचं बाळ असणार, काळजाने ओळखलं. तिच्यासारख्या आणखी काही गोळा करून आणल्या.

१२ मार्च

अळ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, बरण्यांमध्ये. उसाचे कोवळे तुकडे खायला. रोज तुकडे बदलतो. बायको म्हणाली, घरच्या माणसांना जेवलास का असं कधी विचारलं नाहीस. मी बरण्या पुसत राहिलो. संशोधकाने घरच्या टीकेकडे कानाडोळा करायचा असतो.

१६ मार्च

पट्ट्या पुन्हा! नव्या कोऱ्या, नवे ठिपके. खजिनदाराची कमाल आहे. मीही काही कमी नाही. या वेळी जास्त बारकाईने, पान न पान उलटून काढल्या. कंबर धरली. चालेल.

२१ मार्च

एका गिऱ्हाइकाला नवा चष्मा दिला. त्याने डबी घरी जाऊन उघडली, आत चष्म्याशेजारी मेलेला पतंग. परत आला, आवाज चढवला. मी शांतपणे सांगितलं, की हा फुकट मिळतोय आणि याची किंमत तुम्हाला पुढे कळेल. तो चष्माही परत करून गेला. अशा लोकांना मुळात नजर नसतेच.

२८ मार्च

ताईचा फोन. कोंब वाळण्याचं प्रमाण वाढलंय म्हणाली. यंदा फवाऱ्याऐवजी तिने काहीतरी वेगळा उपाय केलाय, दोनदा केला, पण गुण येत नाही. दुसऱ्या शेतांत येतो, हिच्याच शेतात का येत नाही, म्हणत होती. उपाय कोणता ते विचारणार होतो, पण तेवढ्यात बरणीत एक अळी कोषात जायला लागली आणि मी फोन ठेवला.

पाणी कमी पडत असेल. नंतर तसं कळवलं.

३० मार्च

तिसऱ्यांदा पट्ट्या. तिसऱ्यांदा साफ. शत्रू थकत नाही, पण मला ओळखत नाही.

६ एप्रिल

नाव सुचलं. प्रजातीला ताईचं नाव द्यायचं.

लहानपणी मी शाळेतून रडत आलो की ताई दप्तर टाकून त्या पोरांच्या घरी भांडायला जायची. तिच्यासाठी मी आजवर काय केलं? काही नाही. आता जगभरच्या पुस्तकांत तिचं नाव छापून येईल आणि भावोजींचं हसणं कायमचं बंद होईल. लिहिताना डोळे भरून आले. ताईवर माझा फार जीव आहे, हे तिला कधी सांगितलेलं नाही. सभेत सांगेन.

१२ एप्रिल, पहाट

कोष फुटले! एकामागून एक पतंग बाहेर. पंख ओले, मग हळूहळू सुकले. एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे बायकोने वाचू नये.

संध्याकाळी सगळे ताईच्या शेतात नेऊन सोडले. नमुन्यापुरते ठेवले, बाकीचे जिथले तिथे. दुर्मीळ प्रजाती वाचवायची असेल तर हाच मार्ग. आता दर आठवड्याला नवी तुकडी.

२० एप्रिल

शेतावर मोठा वाद. भावोजींनी फवाऱ्याचा पंप माळ्यावरून काढून धुऊन ठेवलाय. त्यांचं म्हणणं, आता हट्ट पुरे, निम्मे कोंब गेले. हसत नव्हते, हे विशेष. 

मग मी बोललो. तोंडाला येईल ते बोललो. विषाने काय काय मरतं, जमीन कशी नासते, निसर्गावर विश्वास ठेवायला छाती लागते. या शेतात एक थेंब पडला तर माझ्या अंगावरून पडेल, असंही म्हणालो. भावोजी पंप उचलून आत गेले.

ताईने पदराने डोळे पुसले. म्हणाली, माझ्या बाजूने बोलणारा तू एकटाच निघालास. तिने आणखी थोडी मुदत घेतली, मंडळाच्या सभेनंतरच्या आठवड्यापर्यंत. उपायही पुन्हा एकदा करून बघते म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं, की जाता जाता आणखी पतंग सोडून आलो.

२७ एप्रिल

पट्ट्या पुन्हा लागल्या होत्या. या वेळी नेहमीच्या दुप्पट. सभा जवळ आली म्हणून खजिनदाराने जोर लावलाय. मीही लावला. आता एकही शिल्लक नाही.

सगळ्या पट्ट्या फळ्यावर चिकटवल्या. वर मथळा दिला: सर्वेक्षणात आणले गेलेले अडथळे. सभेत ऐनवेळी उघडा पाडणार.

४ मे

भाषण तयार. आरशासमोर म्हणून बघितलं. बायकोला एकच वाक्य ऐकवलं तर म्हणाली, एखादं पुस्तक तरी उघडून बघितलंस का. संकल्प म्हणजे काय हे तिला कधी कळणार नाही.

ताईला आणि भावोजींना सभेचं आमंत्रण. पहिल्या रांगेत बसा म्हणालो. कारण सांगितलं नाही.

१० मे

सभा झाली.

नीट लिहायला हवं. सुरुवात छान झाली. पडद्यावर माझा फिकट पतंग, खाली ताईचं नाव मोठ्या अक्षरांत. ताई तोंडावर हात धरून बघत होती. मी ठरलेलं सगळं बोललो, दप्तराचंही. मग अळ्या कशा वाढवल्या, किती तुकड्या सोडल्या, ते सांगितलं. शेवटी फळा उलटा केला आणि खजिनदाराकडे बोट दाखवलं.

खजिनदार म्हणाला, त्याने ते शेत कधी बघितलेलं नाही. चेहऱ्यावरून खरं बोलत होता.

मंडळाच्या अध्यक्षा उठल्या. कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यात. चष्मा माझ्याच दुकानातला. त्या पतंगाकडे बघून म्हणाल्या, की हा खोडकिडा आहे. अळी उसाच्या कोंबात शिरून गाभा खाते, कोंब वाळतो. उसावरच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही पानांवर याचं चित्र असतं. मग फळ्यापाशी आल्या. या पट्ट्या खोडकिड्यावरचाच उपाय आहे म्हणाल्या. त्या ठिपक्यांतून बारीक माश्या निघतात आणि खोडकिड्याची अंडी नासवतात. ज्यांना फवारा मारायचा नसतो ते लोक या पट्ट्या पानाखाली लावतात. हे सांगताना त्यांचा आवाज हळू होत गेला.

कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

ताई उठून फळ्यापर्यंत आली. एका पट्टीवरून बोट फिरवलं.

“एकूण एक काढलीस?” तिने विचारलं.

मी म्हणालो, एकही सुटली नाही. कसं तोंडातून गेलं कळत नाही. एवढे महिने मला त्याचाच अभिमान होता.

पडद्यावर तिचं नाव तसंच होतं. बंद करायचं बटण मला सापडेना. शेवटी खजिनदाराने येऊन बंद केलं.

११ मे

शांतपणे विचार करता काही मुद्दे माझ्या बाजूने निघतात. पतंग मी ओळखला नसला तरी शोधला होता. त्याला घरी वाढवून दाखवलं, हे तर अध्यक्षांनीही नाकारलं नाही. पट्ट्यांवर ‘काढू नये’ असं कोणी लिहिलेलं नव्हतं. आणि ताईने उपाय कोणता ते सांगायला हवं होतं. मी विचारलं नाही, पण तिने सांगायला हवं होतं.

मी माघार घेणार नाही. खुलासा छापून सभासदांना वाटणार.

दुपारी मागच्या खोलीतल्या बरण्या रिकाम्या केल्या. कशा ते लिहीत नाही.

१२ मे

खुलाशाचा मसुदा बायकोला दाखवला. तिने घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाली, आधी बहिणीकडे जा.

ताईला फोन केला. भावोजींनी घेतला. ती शेतात आहे म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं, निदान ते तरी टोमणा मारतील.

१४ मे

शेतावर जाऊन आलो.

बस उशिरा पोचली. ताई बांधावर उभी होती. पंप भरलेला, शेजारी तोंडाला बांधायचं फडकं. भावोजी पंप मी घेतो म्हणत होते, अगदी हळू आवाजात. माझा तुकडा आहे, मीच मारणार, असं ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. अध्यक्षांना विचारून आलोय, अजून उपाय आहेत, मी रोज येऊन वाळके कोंब उपटतो, पट्ट्या मी स्वतः लावतो, दुकान बंद ठेवतो. सगळं सांगितलं. ती ऐकत होती. फडकं बांधताना म्हणाली, आता फार उशीर झालाय, होता तेवढा ऊस तरी वाचवू दे.

मग पंप पाठीवर घेतला. जड होता, ती थोडी वाकली. मी पुढे होऊन म्हणालो, दे, मी मारतो.

“तू बाजूला हो,” ती म्हणाली. “तुझ्या अंगावर उडेल.”

मी बाजूला झालो.