मक्याचं नवं पान

आई, आज चाकणच्या पुढं, कंपनीच्या भिंतीलगतच्या तुकड्यात मका दिसला आणि मी रिक्षा थांबवून थेट रानात उतरले. पानांच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे! बांधावरच्या बाईला विचारलं, "स्फुरदाचं खत जास्त पडलंय का?" ती म्हणाली, "व्हय, पण तुमाला कसं कळलं?" कसं कळलं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पन्नासच्या दशकातली ती वर्षं. पिंपरीला पहिले कारखाने उभे राहत होते, आपल्याकडं नुसती रानं. वडील गेल्यावर रान तू कसत होतीस आणि मी पुण्यात शेतकी शिकत होते. आदल्या साली सुपर फॉस्फेटनं, म्हणजे स्फुरदाच्या खतानं, हरभरा असा फळला, की त्या साली मक्याला तू ते दुपटीनं घातलंस. रोपं वर आली आणि पांढरी पडली. मी सुट्टीला घरी पोचते, तर चुलते ओट्यावर बसलेले. "मोडून टाक. आन् पुढच्या सालापासनं रान मीच बघतो." तू चुलीपुढून उठलीसही नाहीस. "माज्या रानात नांगर घालायचा तर आधी मला इचारा."

मी पान घेऊन कॉलेजात पळाले. आमच्या सरांनी ते उजेडात धरलं. म्हणाले, "स्फुरद फार झालं, त्यामुळं झाडाला जस्त मिळेना. उपाशी आहे ते." लिंबाच्या बागेवर फवारायचं जस्ताचं मीठ आणि हातपंप त्यांनी दिला. स्वयंपाकघरात मी पुडी सोडते आहे आणि तू डाफरते आहेस, "मीठ म्हनू नगंस त्येला. कुनी आमटीत टाकंल!" मग तूच मडकं आणलंस, पान करपू नये म्हणून चुन्याची निवळी केलीस. खरं भांडण पुढंच झालं. मला फरक पाहायला काही ओळी न फवारता कोऱ्या ठेवायच्या होत्या. "आजारी लेकरांत निम्म्यांनाच औषध द्यायचं? ह्ये कसलं शिक्शान गं?" तू चिडलीस, पण ऐकलंस.

नंतरचे दिवस मी रोज उजाडताच रानात जाऊन बघायची. जुनी पानं पांढरीच राहिली होती. चुलते बैल घेऊन यायचं म्हणत होते. आणि एका सकाळी मी पोंग्यात, रोपाच्या गुंडाळलेल्या शेंड्यात, वाकून बघते, तर आतून नवं पान येतंय, हिरवंगार, एक पट्टा नाही! शेजारच्या ओळीत बघते, तिथं पांढरंच. परत इकडं, परत तिकडं. मला हसू आवरेना. तुला हाक मारली. तू पान बोटांत धरलंस, दोन्ही ओळी पाहिल्यास आणि बांधाकडं पळत सुटलीस. साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "भावजी, बैल ऱ्हाऊ द्या! माज्या लेकीनं मका उठीवला!" राहिलेल्या ओळी त्याच दुपारी तू फवारून टाकल्यास. चुलत्यांनी पुन्हा रानाचं नाव काढलं नाही.

आजच्या बाईला मी जस्ताचं सगळं समजावून सांगितलं. ती लगेच दुकानाकडं निघाली. घरी मात्र कुणाला कळेना, मी मक्यासाठी एवढी का नाचते आहे, म्हणून हे तुला लिहिलं. पाठवायचं कुठं, ते ठाऊक नाही. आणि खरं सांगू? त्या सकाळी पान हिरवं निघालं याचा आनंद झालाच, पण तू माझ्यासाठी कधी एवढ्या मोठ्यानं ओरडशील असं मला वाटलंच नव्हतं.