पायाखालचं बटण

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताचं आहे. पक्षाघातातून मी उठले, उजवा हात काही उठला नाही. डॉक्टर म्हणतात, याहून फार सुधारणा नाही. हाती घेतलेलं भाषांतर प्रकाशकांना परत करावं म्हणते. मराठी टाइप करायचं तर निम्म्या अक्षरांना शिफ्ट लागते, आणि एका हाताची बोटं तिथवर पोचत नाहीत. तुझे भावोजी म्हणतात, तू सांग, मी टाइप करतो. त्यांचं शुद्धलेखन तुला ठाऊक आहे. पुस्तकही जाईल आणि संसारही.

माया आहेच, ती अक्षरावरून मोजू नकोस.
तुझी ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम परत करायचं नावही काढू नकोस. सोबत खोकं पाठवतोय. मोडक्या कीबोर्डच्या पोटातलं सर्किट काढलं, शिफ्टच्या दोन टोकांना तारा डाख देऊन जोडल्या आणि त्या आमच्या दारावरच्या बेलच्या बटणाला नेल्या. बटण फळीवर बसवलंय. फळी टेबलाखाली ठेव, वायर संगणकाला लाव. पायाने दाबलंस की शिफ्ट. तुझा कीबोर्ड आहे तसाच वापर. माउस मात्र डावीकडे घे आणि सेटिंगमध्ये त्याची बटणं उलटी करून घे.

पहिल्या खेपेला तार चुकली. पाय ठेवला की पडदाभर च च च च. माझं काम बघून संगणकसुद्धा हळहळतोय, असं बायकोचं मत पडलं. बेल गेल्यापासून ती तशीही माझ्याशी तुटकच बोलते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

३० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुरुवातीला हातापायांनी एकमेकांशी अबोला धरला होता. मग जमलं, पानं होऊ लागली. पण तुझ्या भावोजींनी माझ्या काळजीपोटी प्रकाशकांना परस्पर नकार कळवून टाकला होता. प्रकाशकांचा फोन आला, दुसरी भाषांतरकार बघितलीय म्हणून. मी सांगितलं, उशीर होईल, पण पुस्तक मीच करणार. तेव्हा ते म्हणाले, झालेली पानं पाठवा, वाचून ठरवतो. आज कळलं, काम माझ्याकडेच राहिलं.

त्या फोनवर बोलताना मी पाय इतका रोवला की बटण आत रुतून बसलं. भावोजी पेचकस घेऊन धावले. त्यांना खुर्चीत बसवलं आणि मीच ते उघडलं. डाव्या हाताने स्प्रिंग सरळ केली. उजवा फळीवर ठेवला होता. त्याच्या वजनाने फळी जरासुद्धा हलली नाही.

तुम्हा दोघांवर जीव आहे, तो वाढताच राहील.
तुझी ताई