तुतीच्या झाडासकट

खिवा, गुरुवार, २ जून २०१६. सकाळी पत्नी शराफत हिच्या कबरीवर जाऊन आलो. येताना बाजारातून दोन किलो तुती घेतल्या. या घरात तुती विकत आणण्याची ही पहिलीच वेळ.

मी रुझमत मतनियाझोव, वय ७१, धंदा छायाचित्रकार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. मला मूलबाळ नाही. आधी काही लिहिलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर मेहुणी झुमराद हिला द्यावे. शेवटचे अकरा महिने शराफतचे सगळे तिने केले.

२. हे घर धाकटा भाऊ मदामिन याला हवे आहे, कारण छतावरून समोरचा जुना मदरसा चांगला दिसतो. त्याला माझी शिडी द्यावी. याच शिडीने मी छतावर चढलो होतो. खालून फोटो काढला की आमचे तुतीचे झाड मदरशाच्या निळ्या नक्षीच्या आड येई. शराफत म्हणाली, "अहो, झाड नको झालं ना? मग दुपारी सावलीला पण वरच बसा." मी हसलो.

फोटो सुंदर आला. मदामिनच्या पर्यटन कचेरीने तो भिंतीभिंतींवर लावला आणि तीन वर्षांनी झाड तोडले. तोडण्याआधी माझ्याच ओट्यावर चहा पीत तो म्हणाला, "दादा, लोक तुझा फोटो बघून येतात. झाड दिसलं की म्हणतात, फसवलं." मी गप्प बसलो. तेवढा दोष माझा.

शराफत बुंध्याकडे बघून म्हणाली, "आता खालूनही येईल. काढा." त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

३. कॅमेरे ज्याला हवे त्याने न्यावेत.

४. निगेटिव्हच्या एका पाकिटावर माझ्या अक्षरात 'चूक' असे लिहिले आहे. त्यात झाडाने अर्धा मदरसा झाकला आहे आणि खाली शराफत पडणाऱ्या तुती झेलायला चादर धरून उभी आहे. तिच्या झाडाचा दुसरा फोटो नाही. हे पाकीट झुमरादला द्यावे, कोणत्याही कचेरीला देऊ नये. छापताना कडेची एकही फांदी कापू नये. बाकीच्या निगेटिव्हचे काय करायचे ते तिने ठरवावे.

साक्षीदार: खुदायबेर्गन, लाकडावर नक्षी करणारा, शेजारी. योल्दाश, निवृत्त शिक्षक.

सही: रुझमत मतनियाझोव

साक्षीदार सह्या करून गेले. चहाचे पेले धुतले. शिडी लावून वर गेलो, शराफतची चादर अंथरली आणि तुती वाळत घातल्या.