मुंग्यांचा टीव्ही

माय, मागच्या साली माझ्या पोरीनं नवा टीव्ही आणून भिंतीला टांगला. घरात टीव्ही काही पहिला नाही, पण यानं माझं डोकं फिरवलं. क्रिकेट लावलं तर प्रेक्षकांत बसलेल्या बाईच्या कानातले डूल दिसतात, मागच्या रांगेत कुणी शेंगा खातंय तेही दिसतं. पोरगी इंजिनिअर, तिला समजावून सांगायची भारी हौस. मी जन्मभर शाळेत शिकवलं, आता ती मला शिकवते. म्हणाली, "आई, टीव्हीचं चित्र रेघांचं असतं. तुमच्या वेळी सव्वासहाशे रेघा, त्याही एकाआड एक काढायच्या. एचडीत हजाराच्या वर. जेवढ्या रेघा जास्त, तेवढं चित्र नितळ." मी हो हो केलं आणि भाजी निवडत बसले. तेव्हा त्यातला अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या साली आपण सेनगावकडं पाझर तलावाच्या कामावर होतो. विशीतल्या दादानं मुकादमावर हात उचलला आणि आपल्या सगळ्यांचंच काम गेलं. तू दगडावर बसून त्याला बोलतेस ते मला अजून ऐकू येतं. "जाय तिकडं. पुन्यांदा तोंड दाखवू नको मला." रागात माणूस काय बोलत नाही? पण तो खरंच गेला. मुंबईहून एक-दोन पत्रं आली, मग काहीच नाही. आपण हिंगोलीत आलो, तू जिनिंगमध्ये कामाला लागलीस, आणि हळूहळू तुझं जेवण तुटत गेलं. ताटावर बसायचीस, दोन घास मोडायचीस, उठायचीस. मी लहान होते, पण तू दादाच्या नावानं झुरून मरणार हे मला दिसत होतं, आणि मला फार भीती वाटायची.

मग लग्नसराईत मुंबईहून मावसभाऊ आला. तुझी दशा बघून म्हणाला, "मावशे, म्या दादाला पायलं. टीव्हीत." टीव्ही म्हणजे काय हे त्यालाच आधी सांगावं लागलं. "दुकानाच्या काचंआड चालू व्हता. चैत्यभूमीवरची गर्दी दाखवून राहिले व्हते. त्या गर्दीत आपला दादा. बराबर वळखला म्या." तू विचारलंस, "वाळला का रं?" "न्हाई, चांगला हाय." त्या दिवशी तू भाकरी मागून घेतलीस. पुढच्या सहा डिसेंबरला त्याच्याबरोबर मुंबईला गेलीस, हाका मारमारून घसा बसवून आलीस. आल्यावर म्हणालीस, "गर्दीत उभं राहून माणूस घावत न्हाई. टीव्हीतच घावतं." मी म्हटलं, माय, एकदा दाखवलेलं परत कशाला दाखवतील? तू उलट मलाच विचारलंस, "औंढ्याच्या जत्रंत तंबूतल्या पडद्यावर रोज तेच माणसं काहून येतेत मंग?"

हैदराबादला टीव्ही सुरू झाला तेव्हा बाजारातल्या कापडवाल्या शेटजींनी सासुरवाडीहून एक टीव्ही आणला. माडीवर उंच पाइप उभा केला, वर अँटेना बांधली. अख्खं गाव लोटलं. दिसलं काय? मुंग्या. नुसती खरखर आणि काळ्यापांढऱ्या मुंग्या. चार दिवसांत लोक शेटजींना हसून आपापल्या कामाला लागले. उरलीस तू. जिनिंग सुटलं की केसांतला कापूस तसाच घेऊन दुकानाच्या पायरीखाली उभी. ओट्यावर ये असं तुला कुणी म्हटलं नाही आणि तूही चढली नाहीस. शेटजी वैतागायचे, "बाई, काहून डोळे फोडून राहिली? ह्या मुंग्या हायेत." तू म्हणायचीस, "दिसंल." एका संध्याकाळी खरंच मुंग्या दबल्या आणि एक माणूस उमटला, तेलगूत बातम्या सांगणारा. तू धावत ओट्यावर चढलीस, काचेला हात लावलास. मी तुला ओढते आहे, "माय, थो दादा न्हाई गं." तू वळून शांतपणे म्हणतेस, "ठावं हाय मला. दुसऱ्याचा लेक आला, तर माजा बी येईल." पुढं नीट चित्र येईल असा टॉवर इकडं उभा राहिला, पण तोवर तू गेली होतीस.

परवा सहा डिसेंबर होता. सकाळी टीव्हीवर आधी जुन्या काळातली चैत्यभूमीची गर्दी दाखवली. मी उठून जवळ गेले. माणसं कुठं होती? शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या होत्या नुसत्या. पोरगी डबा भरत होती. तिला विचारलं, त्या वेळच्या टीव्हीत अशा गर्दीतल्या एका तोंडाला किती रेघा येत असतील? "चार-पाच," ती म्हणाली. "नाक-डोळे कुठून दिसणार आई?" आणि ती कामाला गेली.

म्हणजे मावसभावानं दादाला ओळखणं शक्यच नव्हतं. तोही आता नाही, विचारू कुणाला? त्यानं तुला दोन घास खायला लावले म्हणून त्याच्या पाया पडू, की वर्षानुवर्षं मुंग्यांसमोर उभं केलं म्हणून शिव्या देऊ? दादा त्या गर्दीत होता की नाही, तेव्हा जिवंत तरी होता का, काही म्हणता काही उरलं नाही. इतकी वर्षं मीही त्या एका गोष्टीवर टेकून होते, हे पोरगी कामाला गेल्यावर कळलं. तुला हे कळलं नाही, तेवढंच बरं झालं. हे लिहिलेलंही मी फाडून टाकणार आहे.

पण एक सांगते. जुनं चित्र संपलं आणि आजची गर्दी सुरू झाली, एकेक तोंड वेगळं, लख्ख. सगळं कळल्यावर मी टीव्ही बंद करायला हवा होता. मी खुर्ची पुढं ओढली आणि दुपारपर्यंत बघत बसले. दादा असलाच तर आता पंच्याहत्तरीचा म्हातारा असेल. मी मात्र विशीतली पोरं बघत होते.