फरशीचं जॅकेट

प्रिय राजानंद,

सप्रेम जय भीम. चारचौघांत मी तुला अहो म्हणते, पण पत्रात अहो लिहायला लागले की बँकेत अर्ज करतेय असं वाटतं, म्हणून इथे तूच. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी भीतीचं काही काढलं की तू हसतोस, नाहीतर तुमच्या त्या जंगलातलं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. कागदाला रेंज लागत नाही. तुमच्या कंपनीतल्या देवानंदची रजा संपतेय, परवा तो निघाला की त्याच्याच हाती देईन. अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्यावरून चिडवू नकोस. कारण शेवटी सांगते.

घरी सगळे बरे आहेत. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, आता त्यांना माझ्या भाकरीवरचे डागसुद्धा दिसायला लागलेत. मंठ्यात ऊन असं आहे की दुपारी बाजारात चिटपाखरू नसतं. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यामुळे सकाळपासून मशीन चालू असते. चालू असते तोवर बरं असतं. थांबली की मला भीती वाटते. तू बंदोबस्तावर गडचिरोलीला गेल्यापासून फार भीती वाटते, राजानंद. दारात मोटारसायकल थांबली तरी मशीन सोडून दाराशी धावते, मग कळतं की कुणी ब्लाउज न्यायला आलंय. आईंसमोर मी काही दाखवत नाही, त्या माझ्यासमोर दाखवत नाहीत. दोघी तुझ्या आवडीचं वांग्याचं भरीत करतो आणि दोघींनाही ते जात नाही.

मागच्या रजेत तू तोंड पाडून आला होतास ते आठवतं ना? नेमबाजीत तुझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बुलेटप्रूफ जॅकेट घालून फायरिंग करायची वेळ आली तर तुझ्या गोळ्या निशाण सोडून भलतीकडेच जायला लागल्या. मीच म्हटलं, पोहणं शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, घरीच सराव कर. जुन्या ताडपत्रीचं जॅकेट शिवलं, तुमच्या जॅकेटात लोखंडी प्लेटा बसतात तसे पुढे आणि मागे मोठे खिसे केले, आणि लोखंड कुठून आणायचं म्हणून रखमाजी गवंड्याकडून शहाबादी फरशीचे तुकडे कापून आणले. वजन जवळपास तुमच्या जॅकेटएवढंच भरलं. माप ऐकून रखमाजी म्हणाला होता, "वहिनी, छातीवर ओटा बांधून राह्यले का काय?" मग तू रोज संध्याकाळी ते घालून पळत जिना चढायचास, हातात बंदूक म्हणून कुदळीचा दांडा, आणि धापा टाकत गच्चीवर पालथा पडून शेजारच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरायचास. सुरेखाकाकू घाबरून टाकीचं झाकण तपासायच्या. मी जिन्यात बसून हसायचे आणि म्हणायचे, पालथं पडायचं त्यात काय एवढं, ते तर मलाही जमेल.

मग दीड-दोन महिन्यांपूर्वी तुझा फोन आला. जॅकेट घालून सगळ्या गोळ्या निशाणात! तुझा आवाज लहान पोरासारखा झाला होता. मी गल्लीत पेढे वाटले. माझ्या फरशीनं काम केलं असं रखमाजीलाही सांगून आले, तो मिशीत हसला.

गेल्या आठवड्यात देवानंद आला. बदनापूरहून मुद्दाम तुझी पिशवी द्यायला आला, म्हणून आईंनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुमच्या कंपनीच्या गोष्टी सांगितल्या, तुझं तोंडभर कौतुक केलं. कौतुकाच्या भरात एक वाक्य बोलला आणि पुढे गेला. मी मात्र तिथेच राहिले. तो गेल्यावर मी ट्रंकेमागून फरशीचं जॅकेट काढलं, गच्चीवर गेले आणि पहिल्यांदा स्वतःच्या अंगात घातलं.

तुला हसले होते, ते सगळे शब्द परत घेते. उभी होते तोवर फक्त खांदे ओढले. जिना एकदा उतरून पळत चढले तर श्वास पुरेना, कारण छाती फुगायला जागाच नाही. पालथी पडले तशी फरशीची खालची कड पोटात रुतली आणि वरची थेट गळ्याशी आली. तुझं गाडीचं हेल्मेट घातलं होतं, मान वर केली की ते मागे जॅकेटला अडायचं आणि पुढून डोळ्यांवर यायचं. दांडा खांद्याच्या खळग्यात टेकवायला गेले तर खळगा कुठेच सापडेना, तिथे ताडपत्रीचा पट्टा, त्यावरून दांडा घसरतोय. श्वास घेतला की अख्खी मी वर, सोडला की खाली, आणि दांड्याचं टोक टाकीपासून आभाळापर्यंत. श्वास रोखून बघितला, तर कानात नुसते ठोके. कोपरं भाजली ती वेगळीच. उठताना आधी गुडघ्यावर आले, मग कठडा धरला. तुम्ही हे सगळं घालून पळता, वाकता, झाडाआड बसता, वर नेमही धरता! त्या पाच मिनिटांत मला कळलं की तू का चुकत होतास. आणि हे ओझं उतरवून टाकावंसं का वाटतं, तेही कळलं. त्यानंतर मला जास्तच भीती वाटायला लागली.

काल वटपौर्णिमा होती. सुरेखाकाकू नटूनथटून वडाला सूत गुंडाळायला गेल्या, जाताना म्हणाल्या, "सुमेधा, तुह्या घरात न्हाई हे, पण तुह्या राजानंदसाठी मी दोन फेऱ्या जास्तीच्या मारते." त्यांच्या मायेनं डोळ्यांत पाणी आलं. पण मी मशीनवर बसल्या बसल्या विचार करत होते की सुतानं गोळी अडत नाही. चादरीनंही अडत नाही.

हो, चादर. देवानंद म्हणाला ते वाक्य जसंच्या तसं लिहिते: "वहिनी, आता बराबर नेम लागून राह्यला त्याचा, पुढची प्लेट काढून पेटीत टाकली ना त्यानं, आत चादरीची घडी भरतो, गस्तीलाबी तसाच निघतो." तो हसला, मीही हसले, त्याला भाताचा आग्रह केला. ती चादर मी दिलेली सोलापुरी असणार, दुसरी तुझ्याकडे आहेच कुठे. म्हणजे मी पेढे वाटले ते याचे. राजानंद, तुझे नेम चुकले तर चुकू देत, तुला बक्षीस नको, मला पेढे नकोत. समोरच्याचा नेम एकदा लागला की आपलं सगळं संपलं. सोबत एक खरबरीत कापडाची पट्टी शिवून दिलीय, खांद्यावर बसवली तर बंदूक कमी घसरेल असं वाटतं. तुमच्या नेमबाजीच्या उस्तादांना दाखवून मगच लाव. ती उपयोगाची नसेल तर फेकून दे, पण प्लेट घाल. आणि अक्षराचं कारण हे, की देवानंद आला त्या दिवसापासून मी फरशीचं जॅकेट अंगात घालून मशीनवर बसतेय आणि हे पत्रही तसंच लिहितेय. आई म्हणाल्या, "येड लागलं का माय, उन्हाळ्यात छातीला दगडं बांधून बसली?" मग पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी ठेवून गेल्या. आपल्याकडे उपास नाही, फेऱ्या नाहीत, मला एवढंच करता येतं. तू पेटीतून प्लेट काढून छातीवर घातलीस, असं देवानंदनं डोळ्यांनी बघून मला फोनवर सांगितलं की मी हे उतरवीन. त्याआधी नाही. जल्दी कर, ऊन फार आहे आणि फरशी जड आहे.

तुझ्या फोनची नाही, देवानंदच्या फोनची वाट बघणारी,
तुझीच,
सुमेधा